पन्नास वर्षांचं कुट्टी यंत्र अजून शेतात का उतरतं?

आयर्लंडमध्ये मे संपत आला की मुरघासाची घाई सुरू होते. कुरणातलं गवत कापायचं, त्याची कुट्टी करायची, सिमेंटच्या भिंतींमधल्या खड्ड्यात ती दाबायची, काळ्या प्लॅस्टिकने झाकून वर जुने टायर ठेवायचे आणि हिवाळाभर गोठ्यातल्या जनावरांना तोच चारा घालायचा. या कामासाठी आज ९०० ते १,००० अश्वशक्तीची यंत्रं मिळतात. जर्मनीतल्या क्रोन कंपनीचं सर्वांत मोठं कुट्टी यंत्र तर १,१०० अश्वशक्तीच्याही पुढे गेलं आहे. तरीही आयर्लंडमध्ये, शेजारच्या ब्रिटनमध्ये, डेन्मार्कमध्ये, जर्मनीतल्या बव्हेरियात आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये असे शेतकरी आहेत, जे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं, ट्रॅक्टरमागे ओढायचं कुट्टी यंत्र दर उन्हाळ्यात शेडमधून बाहेर काढतात, ग्रीस भरतात, पात्यांना धार लावतात आणि आपला मुरघास आपणच करतात.

बाहेरून बघणाऱ्याला ही हौस वाटते. हौस आहेच. पण या मायेमागे पक्का हिशेब आहे असं माझं मत आहे, आणि तो हिशेब कळायला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते: मुरघासाला यंत्राकडून नेमकं काय हवं असतं?

चारा टिकतो कसा

आपल्याकडे नगर, पुणे, सांगली, सोलापूर भागातल्या दूध उत्पादकांना मुरघास नवा नाही. आपण तो बहुतेक करून मक्याचा करतो, आयर्लंडमध्ये तो प्रामुख्याने गवताचा असतो. आत घडतं ते मात्र सारखंच. हिरवा चारा घट्ट दाबून हवाबंद केला की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू चाऱ्यातल्या साखरेवर वाढू लागतात. आम्ल वाढतं, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा मोजणारा आकडा) ४ च्या आसपास उतरतो आणि इतक्या आंबट जागी चारा सडवणारे जिवाणू तग धरत नाहीत. हवा आत शिरू दिली नाही तर असा चारा वर्षभर आणि त्याहूनही जास्त टिकतो.

यात दोन शत्रू आहेत. पहिला हवा. खड्ड्यात हवा राहिली की कापलेल्या गवताच्या पेशी श्वसन करत राहतात. जी साखर आम्ल बनवायला हवी ती उष्णतेत जळून जाते, ढीग तापतो, बुरशी धरते. दुसरा शत्रू जादा पाणी. ओल्या गवतात आम्ल पातळ पडतं, सामू पुरेसा उतरत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू माजतात. त्यांचं ब्युटिरिक आम्ल ज्यांनी हुंगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कपड्यांना लागलेला तो वास सहज जात नाही आणि गायी असा चारा आवडीने खात नाहीत. म्हणून गवत कापल्यावर शेतातच सुकवून त्यातला कोरडा भाग २५ ते ३० टक्क्यांपर्यंत आणायचा असतो. न सुकवता भरलं तर खड्ड्यातून तपकिरी पाणी झिरपतं. ते ओढ्यात गेलं तर पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. घरगुती सांडपाण्याच्या सुमारे २०० पट तीव्र असं त्याचं प्रदूषण मोजलं जातं.

फिनलंडचे आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांनी पावसाळी हवामानातल्या ओल्या गवतासाठी दुसरी वाट काढली. जिवाणूंनी आम्ल करण्याची वाट न बघता चारा भरतानाच त्यावर सौम्य केलेलं आम्ल शिंपडायचं, म्हणजे सामू लगेच ४ च्या खाली जातो. या पद्धतीला त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एआयव्ही’ म्हणतात. शेती आणि पोषणाच्या रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी, त्यातही चारा टिकवण्याच्या या पद्धतीसाठी, त्यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गोठ्यातला चारा नोबेलपर्यंत गेला, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

आता कुट्टीचा मुद्दा. लांब गवत दाबलं तरी पुन्हा फुगतं, त्याच्या काड्यांमध्ये हवा अडकून राहते. बारीक केलं की ते बसतं. शिवाय काप जितके जास्त तितका रस जास्त बाहेर येतो आणि साखर जिवाणूंपर्यंत लवकर पोचते. पण फार बारीक करूनही चालत नाही, कारण रवंथ करायला गाईला काडी लागते. गवतासाठी साधारण २ ते ५ सेंटिमीटर, मक्यासाठी १ ते २ सेंटिमीटर, असा अंदाज धरतात.

तर मुरघासाला हव्या आहेत तीन गोष्टी: एकसारखी लांबी, धारदार काप आणि योग्य दिवस. अश्वशक्ती या यादीत नाही. किती एकर किती तासांत आवरायचे, हा प्रश्न आला की अश्वशक्ती येते. जुन्या यंत्रांचं टिकून राहणं या फरकात आहे.

झोडणारं, दोनदा कापणारं, मोजून कापणारं

हिरवा चारा बुजवून टिकवण्याची रीत जुनी आहे, पण तिला आजचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. फ्रान्समध्ये ऑग्युस्त गॉफार्ट यांनी मक्याच्या मुरघासाचे प्रयोग करून १८७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फ्रेड हॅच यांनी १८७३ मध्ये उभा सायलो, म्हणजे मुरघासाची उंच कोठी, बांधला, तो तिथला पहिला मानला जातो. तेव्हा कुट्टी यंत्र सायलोपाशी एका जागी उभं असायचं आणि कापलेलं पीक गाड्यांतून त्याच्याकडे न्यावं लागायचं. आपली कडबाकुट्टी आजही अशीच चालते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हॅम्पशरचे शेतकरी रेक्स पॅटरसन यांनी ट्रॅक्टरमागे लांब लोखंडी दातांचा काटा लावून कापलेलं गवत कुट्टी न करताच उचलून खड्ड्यात नेण्याची पद्धत रुजवली. पण खरा बदल झाला तो कुट्टी यंत्रालाच चाकं लागून ते शेतात चालू लागल्यावर.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून लंडेल कंपनीचं झोडणारं यंत्र ब्रिटनमध्ये पोचलं. एक आडवा दांडा, त्यावर बिजागरीसारखी लटकणारी पाती, आणि सगळं जोरात फिरणारं. पाती उभ्या गवतावर आपटतात, ते तोडतात आणि त्याच झपाट्याने धुराड्यातून, म्हणजे वरच्या वाकड्या नळीतून, मागच्या ट्रॉलीत फेकतात. कापणं, तुकडे करणं आणि भरणं हे सगळं एकाच फिरत्या दांड्यावर होतं. वेगळा पंखा नाही, चेन नाहीत, रोलर नाहीत. दगड लागला तर पातं मागे झुकतं आणि पुढे निघून जातं. दोन-तीन पाती तुटली तर नवी बोल्टने लावायची, वजनाचा तोल राखायला समोरची जोडीही बदलायची, आणि काम सुरू. पन्नास अश्वशक्तीच्या आतबाहेरच्या ट्रॅक्टरवर, म्हणजे कॉव्हेंट्रीत बनणाऱ्या मॅसी फर्ग्युसन १३५ सारख्या ट्रॅक्टरवर, हे यंत्र चालायचं. इंग्लंडमध्ये किड, डेन्मार्कमध्ये तारुप आणि जेएफ अशा कंपन्यांनी ही यंत्रं मोठ्या प्रमाणात बनवली.

त्याचा दोष असा की तुकडे वेडेवाकडे पडतात. काही बोटाएवढे, काही वीतभर. पाती जमिनीला फार जवळ लावली तर मातीही ओढली जाते, आणि मातीबरोबर नको असलेले जिवाणू येतात.

त्यावर उतारा म्हणून दोनदा कापणारं यंत्र आलं. पुढची लटकती पाती गवत तोडून एका मळसूत्री दांड्यावर टाकतात, तो दांडा ते बाजूच्या जड चाकाकडे ढकलतो, आणि त्या चाकावरची पाती ते पुन्हा कापून वर फेकतात. आयर्लंडमध्ये आजही जी जुनी यंत्रं सर्वांत जास्त मायेने सांभाळली जातात, त्यांत तारुप आणि जेएफच्या या वाणाच्या यंत्रांचा क्रमांक वर लागेल. कारण सोपं आहे: झोडणाऱ्या यंत्राचा दणकटपणा बराचसा टिकला आणि चारा खड्ड्यात नीट बसू लागला.

तिसरं वाण मोजून कापणाऱ्यांचं. इथे गवत आधी वेगळ्या यंत्राने कापून, सुकवून, ओळींत गोळा केलेलं असतं. कुट्टी यंत्र ती ओळ बारीक तारांच्या दात्यांनी उचलतं आणि स्प्रिंगच्या दाबाखाली फिरणाऱ्या रोलरच्या जोड्यांमध्ये देतं. रोलर गवत घट्ट धरून ठराविक वेगाने आत ढकलतात. आत पाती बसवलेला ढोल फिरत असतो आणि त्याच्यापुढे एक स्थिर पोलादी पट्टी. प्रत्येक पातं त्या पट्टीवरून जाताना एक काप घेतं.

लांबी कशी ठरते ते आकड्यांत बघितलं की सगळं यंत्र उलगडतं. समजा ढोल मिनिटाला १,००० फेरे घेतो आणि त्यावर ८ पाती आहेत. मिनिटाला ८,००० काप झाले. रोलर त्याच मिनिटात १६० मीटर गवत आत देत असतील, तर १६० मीटरचे ८,००० तुकडे, म्हणजे प्रत्येक तुकडा २ सेंटिमीटर. तुकडा मोठा हवा? चार पाती काढून ठेवा, ४ सेंटिमीटर होईल. किंवा रोलर फिरवणारं दातेरी चाक बदला. नव्या यंत्रात हेच काम चालक पडद्यावरच्या बटणाने करतो. जुन्या यंत्रात पान्हा घेऊन खाली उतरावं लागतं. पण त्यामागचं गणित पन्नास वर्षांत एका आकड्यानेही बदललेलं नाही.

याच वाणात एक लहान भावंड आहे. ढोलाऐवजी उभी जड तबकडी, तिच्यावर पाती आणि फेकणारे पंखे एकत्र. तिला वेगळ्या पंख्याची गरजच नसते. जर्मनीतल्या मेंगेले आणि ऑस्ट्रियातल्या प्योटिंगर कंपनीची मक्याची एक ओळ कापणारी यंत्रं याच तत्त्वावर चालायची. ट्रॅक्टरच्या तीन-बिंदू जोडणीवर लटकवायची ही यंत्रं बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातल्या छोट्या डोंगराळ शेतांवर फार चालली.

मोठं यंत्र आल्यावर काय झालं

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॉलंड कंपनीने स्वतःच्या इंजिनावर चालणारं कुट्टी यंत्र बाजारात आणलं. जर्मनीतल्या क्लास कंपनीचं या जातीचं पहिलं यंत्र, जग्वार ६० एसएफ, १९७३ चं. तिथून पुढे यंत्रं वाढतच गेली आणि काम शेतकऱ्याच्या हातून भाड्याने यंत्र चालवणाऱ्याकडे गेलं. एवढ्या किमतीचं यंत्र वर्षातले काहीच आठवडे चालतं. ते शेकडो शेतांवर फिरलं तरच परवडतं. मोठ्या गोठ्यांसाठी हे उत्तम झालं. चारशे गायींचा खड्डा दोन-तीन दिवसांत भरून बंद होतो, आणि खड्डा लवकर बंद होणं हाही गुणवत्तेचाच भाग आहे.

लहान शेतावरचा हिशेब मात्र वेगळा पडतो. वीस गायी, रोज प्रत्येकी ३५ किलो मुरघास, पाच महिन्यांचा हिवाळा धरला तर लागतात सुमारे १०५ टन. हेक्टरी २० ते २५ टन पहिल्या कापणीत मिळाले तर हे काम पाचेक हेक्टरांचं, म्हणजे बारा एकरांच्या आसपासचं. नवं अजस्र यंत्र हे तासा-दीड तासात उरकेल. जुनं ओढायचं यंत्र, दोन ट्रॉल्या आणि खड्ड्यावर एक ट्रॅक्टर असेल तर दिवस जाईल. त्या शेतकऱ्याला दिवस पुरतो. तासाभरात काम झाल्याने त्याच्या पदरात जास्त काही पडत नाही.

आणि त्याला लागतो तो *ठराविक* दिवस. गवताला तुरे येऊ लागले की त्याची पचनीयता आठवड्याला साधारण २ ते ३ टक्क्यांनी उतरते. एक आठवडा उशीर झाला तर टनावारी गवत जास्त मिळतं, पण गाईच्या पोटात जाऊन दूध किंवा मांस होईल असा भाग कमी होतो, आणि हिवाळ्यात ती उणीव विकतच्या पेंडीने भरून काढावी लागते. अटलांटिकवरून येणाऱ्या पावसात सलग दोन कोरडे दिवस मिळणं ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठी गोष्ट. ते दोन दिवस सगळ्यांनाच एकदम मिळतात, त्यामुळे भाड्याच्या यंत्रासमोर रांग लागते. रांगेत पाच हेक्टरवाला मागे राहणं स्वाभाविक आहे. मोठं यंत्र अरुंद फाटकांतून एका चिमुकल्या शेतात आणायला आणि परत न्यायला लागणारा वेळ प्रत्यक्ष कापणीइतकाच होतो. ज्याच्या शेडमध्ये स्वतःचं जुनं यंत्र आहे तो आकाशाकडे बघून सकाळी निर्णय घेतो. माझ्या मते या यंत्रांवरच्या प्रेमाचं हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि ते लोखंडाच्या आठवणींपेक्षा खूप खोल आहे.

वजनाचाही मुद्दा आहे. जुनं यंत्र आणि मध्यम ट्रॅक्टर ओल्या, दलदलीच्या कुरणात जेवढी चाकोरी पाडतात त्याच्या कितीतरी पट भार आजची यंत्रं आणि त्यांच्याबरोबर धावणाऱ्या भरलेल्या ट्रॉल्या जमिनीवर टाकतात. एकदा दबलेली ओली माती मोकळी व्हायला वर्षं लागतात.

जुन्या यंत्रांना खरी टक्कर मोठ्या यंत्रांनी दिली नाही, ती दिली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोल गाठींनी. १९८० च्या दशकात या गाठी आल्या आणि लहान शेतकऱ्याला खड्ड्याशिवाय, कुट्टीशिवाय, चार गाठी आज आणि दहा गाठी पुढच्या आठवड्यात असा मुरघास करता येऊ लागला. हजारो कुट्टी यंत्रं तेव्हा कुंपणाशेजारी गवतात उभी राहिली ती कायमची. आज जी चालू आहेत ती या लाटेतून वाचलेली. पण गाठीला दर वेळी प्लॅस्टिक लागतं, गुंडाळणाऱ्याचे पैसे लागतात आणि वापरलेल्या प्लॅस्टिकची विल्हेवाटही लावावी लागते.

कानाने चालवायचं यंत्र

जुन्या कुट्टी यंत्रावर काम केलेल्या माणसाला विचारा, तो आधी आवाजाबद्दल बोलेल. ढोल भरधाव फिरताना एक चढा, सलग सूर लागतो. गवताची जाड ओळ आत गेली की तो सूर खाली येतो, ट्रॅक्टर कण्हतो, चालक वेग कमी करतो, सूर परत चढतो. पाती बोथट झाली की आवाज फाटल्यासारखा येतो आणि ट्रॅक्टरचा धूर काळा होतो, कारण बोथट पातं कापत नाही, चिरडतं, आणि चिरडायला ताकद जास्त लागते. त्या यंत्रांत दाखवणारे काटे-पडदे नव्हते, म्हणून चालकाचे कानच सगळं मोजायचे.

धार लावायची सोय यंत्रातच असते. ढोलाच्या वर एका दांड्यावर सहाणेचा दगड; ढोल फिरत ठेवायचा आणि दगड हळूहळू इकडून तिकडे सरकवायचा. काही यंत्रांत त्यासाठी ढोल उलटा फिरवतात. हंगामात हे काम वारंवार, बरेच जण तर रोज करतात. धार लावल्यावर पातं झिजून किंचित मागे जातं, त्यामुळे पट्टी पुढे सरकवून फट पुन्हा जुळवावी लागते. ही फट जेमतेम जाड कागद सरकेल इतकी. ती वाढली की गवत कापलं जाण्याऐवजी पात्या-पट्टीमध्ये दुमडून ओढलं जातं, तुकडे लांब-आखूड पडतात आणि डिझेल जळतं. शेतकऱ्यांचं एकमेकांना सांगणं असतं की यंत्र जुनं असो की नवं, चारा धारेवर आणि फटीवर ठरतो. पूर्णपणे खरं आहे ते.

दुरुस्तीची गोष्ट त्याहून महत्त्वाची. या यंत्रांत मुद्दाम कमकुवत ठेवलेला एक बोल्ट असतो. आत काही अडकलं की तो आधी तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. चालकाच्या खिशात असे चार-सहा बोल्ट कायम. बेअरिंग जगभर ठरलेल्या मापांची, त्यांच्यावर कोरलेला आकडा घेऊन कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, मिळतात. चेन, पट्टे, तेलाचे सील, सगळं मापावर मिळतं. अडतं ते गिअरबॉक्सच्या दातेरी चाकांवर आणि त्या-त्या यंत्राच्या खास पात्यांवर. म्हणून शहाणा शेतकरी त्याच बनावटीचं दुसरं, मोडकं यंत्र स्वस्तात घेऊन सुट्या भागांसाठी बाजूला उभं ठेवतो.

मूळ कंपन्या बहुतेक दुसऱ्यांच्या हाती गेल्या. तारुप १९९३ मध्ये नॉर्वेच्या क्वेर्नलँडकडे गेली आणि क्वेर्नलँड २०१२ मध्ये जपानच्या कुबोटाकडे. १९५१ मध्ये येन्स फ्रॉइडेनडाल यांनी सुरू केलेली जेएफ २०११ मध्ये काँग्सकिल्डेने घेतली, आणि काँग्सकिल्डेचा गवत-चाऱ्याचा व्यवसाय २०१७ मध्ये न्यू हॉलंडच्या मालक कंपनीकडे आला. एवढे मालक बदलूनही सुटे भाग मिळत राहिले, कारण मागणी कधी थांबलीच नाही.

आणि हौस? तीही भरभरून आहे. आयर्लंड-ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात गावोगावी जुन्या यंत्रांचे मुरघास-दिवस भरतात. वीस-तीस वर्षांत न चाललेली यंत्रं त्या दिवशी फोर्ड ५००० आणि ७००० ट्रॅक्टरांच्या मागे खरोखरचा खड्डा भरतात, आणि जमलेले पैसे बहुतेकदा एखाद्या धर्मादाय कामाला जातात. स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचेही चाहते आहेत. १९८० च्या दशकातली जग्वारची ६०० मालिका आणि १९९० च्या दशकातली ८०० मालिका तर अजून रोजगार करून खाते.

जे जुन्या यंत्राला जमत नाही

माया असली तरी मर्यादा सांगायलाच हव्यात. पहिली मक्याच्या दाण्याची. पिकलेला दाणा अख्खा राहिला तर गाईच्या पोटातून तसाच बाहेर पडतो आणि त्यातला पिष्टमय पदार्थ वाया जातो. नव्या यंत्रांत कुट्टीनंतर दोन खाचेदार रोलर दाणा फोडतात. जुन्या बहुतेक यंत्रांत ते नाहीत. म्हणून जुनं यंत्र गवताला जितकं शोभतं तितकं पिकलेल्या मक्याला शोभत नाही.

दुसरी मर्यादा धातूची. कुरणातला तारेचा तुकडा कुट्टीत गेला तर पात्यांची वाट लागतेच, पण खरा धोका पुढे आहे. बारीक झालेली तार गाय गिळते, ती जठराच्या पहिल्या कप्प्यांत अडकते आणि तिथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोचू शकते. नव्या यंत्रांत खालच्या रोलरमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. लोखंड आलं की चुंबकीय क्षेत्र ढवळतं आणि रोलर क्षणार्धात अडकवले जातात. जुन्या बहुतेक यंत्रांत ही राखण नाही. म्हणून तिथले शेतकरी कापणीआधी कुंपणाच्या कडा पायी तपासतात आणि गाईला चुंबकाची गोळी गिळवतात. खड्ड्यावर ठेवायच्या जुन्या टायरमधूनही गंजलेल्या तारा चाऱ्यात पडतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट माणसाच्या जिवाची. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा, बंद केला तरी जड ढोल किंवा तबकडी आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहते. यंत्र तुंबलेलं, पाऊस जवळ आलेला, अंधार पडत चाललेला. अशा वेळी हात आत घालण्याचा मोह होतो आणि त्यात बोटं, हात गेलेले लोक प्रत्येक देशात आहेत. इंजिन बंद, किल्ली खिशात, ढोल पूर्ण थांबेपर्यंत थांबणं, आणि पीटीओच्या दांड्यावरचं आच्छादन शाबूत असणं: यातली एक जरी गोष्ट नसेल तर ते यंत्र प्रदर्शनात ठेवावं, शेतात आणू नये.

आपल्याशी संबंध कुठे येतो

मॅसी फर्ग्युसन आपल्याकडे टॅफेने बनवला, फोर्ड ३६०० एस्कॉर्ट्सने. त्या जुन्या ट्रॅक्टरवर जीव असलेले शेतकरी महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यामुळे आयरिश शेतकऱ्याची भावना आपल्याला परकी वाटू नये. पण कुट्टीच्या बाबतीत आपला प्रवास वेगळा झाला. मका विळ्याने कापायचा, बांधावर आणायचा आणि ट्रॅक्टरवर चालणाऱ्या कुट्टी यंत्रात हाताने द्यायचा, ही आपली रूढ पद्धत. आता मजूर मिळेनात म्हणून ट्रॅक्टरला जोडायची, मक्याची एक ओळ चालता चालता कापून कुट्टी करणारी यंत्रं आपल्याकडेही शेतात उतरू लागली आहेत. तबकडीवरची पाती, तिच्यावरचेच पंखे, वर वळवता येणारं धुराडं: बव्हेरियातल्या छोट्या शेतांसाठी जे तत्त्व वापरलं गेलं तेच हे. दोन-चार एकरांच्या तुकड्यांसाठी यंत्र निवडताना अश्वशक्तीच्या आकड्यामागे जाण्याचं कारण नाही.

असं यंत्र, नवं किंवा वापरलेलं, घ्यायला गेलात तर रंगाकडे बघू नका. इंजिन बंद करून, तबकडी किंवा ढोल पूर्ण थांबल्यावर झाकण उघडा आणि पात्यांच्याही आधी स्थिर पट्टीची कड बघा. ती काटकोनात, टोकदार असायला हवी. गोल झिजली असेल तर पात्यांना कितीही धार लावा, कुट्टी एकसारखी पडणार नाही. बऱ्याच यंत्रांत ही पट्टी काढून उलटी बसवता येते आणि न वापरलेली कड पुढे येते. चारही कडा झिजल्या असतील तर नव्या पट्टीची किंमत सौद्यात धरा. मग तबकडी हाताने सावकाश फिरवायला सांगा आणि बेअरिंगमध्ये खरखर आहे का, दांडा हलतो का ते बघा. शेवटी मूठभर मका आत देऊन पडलेली कुट्टी हातात घ्या: तुकडे एका मापाचे आणि कडा स्वच्छ कापलेल्या असतील, रेषे लोंबत नसतील, तर यंत्राचं वय विचारायची फारशी गरज उरत नाही.